मोटरचलित कॅमेरा स्लायडर

मोटरचलित कॅमेरा स्लायडर हे कॅमेऱ्याला सरळ रुळावरून नियंत्रित वेगाने सरकवणारे विद्युत उपकरण आहे. रूळ, त्यावर सरकणारी बैठक, मोटर आणि नियंत्रक हे त्याचे चार मुख्य भाग होत. चलचित्रणात कॅमेऱ्याला संथ व एकसारखी गती देण्यासाठी आणि टाइम-लॅप्स चित्रणात काही तासांच्या किंवा दिवसांच्या कालावधीत कॅमेरा अत्यल्प अंतराने पुढे नेण्यासाठी त्याचा वापर होतो. हाताने सरकवल्या जाणाऱ्या स्लायडरवर तासाला काही सेंटिमीटर इतका मंद आणि तरीही अखंड वेग राखता येत नाही. त्यामुळे टाइम-लॅप्समध्ये कॅमेरा हलता ठेवायचा असल्यास मोटर जवळजवळ अपरिहार्य ठरते.

टाइम-लॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन ती नेहमीच्या वेगाने, बहुधा सेकंदाला २४, २५ किंवा ३० फ्रेम याप्रमाणे, सलग दाखवण्याची पद्धत. तिच्यामुळे ढगांची हालचाल, रोपाची वाढ, इमारतीचे बांधकाम यांसारख्या मंद घटना काही सेकंदांत पाहता येतात. स्लायडर जोडल्यावर अशा चित्रणात दोन गती एकत्र येतात : विषयाची आणि कॅमेऱ्याची. या दोहोंचे गणित चित्रण सुरू होण्यापूर्वीच जुळवावे लागते, कारण उगवलेला अंकुर किंवा ओसरलेला पूर पुन्हा चित्रित करता येत नाही.

इतिहास

टाइम-लॅप्स हे तंत्र चित्रपटाइतकेच जुने आहे. ब्रिटिश चित्रपटकार एफ. पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' या लघुपटात उमलणाऱ्या फुलांचे असे चित्रण केले. भारतात या तंत्राचा आरंभीचा वापर दादासाहेब फाळके यांनी केला. गोदावरीच्या उगमस्थानी, त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागवला. आपल्याला चित्रपट बनवता येतो हे भांडवल पुरवणाऱ्यांना पटवून देणे त्यांना आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. बी रुजण्यापासून वेल होईपर्यंतचा हा प्रवास 'अंकुराची वाढ' या सुमारे एका मिनिटाच्या लघुपटात दिसत असे. निवडक व्यक्तींना तो दाखवल्यानंतर फाळके यांना कर्ज मिळाले, आणि त्यातून उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

या लघुपटाच्या श्रमांची कल्पना साध्या हिशेबाने येते. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ फ्रेम धरल्यास एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. त्या ३० दिवसांत समान वाटल्या तर दिवसाला ३२ फ्रेम होतात. आज हे काम इलेक्ट्रॉनिक टायमर करतो; त्या काळी प्रत्येक फ्रेम हाताने घ्यावी लागे.

कॅमेरा हलवण्याचे तंत्र स्वतंत्रपणे विकसित झाले. इटालियन दिग्दर्शक जोव्हानी पास्त्रोने यांनी 'काबिरिया' (१९१४) या चित्रपटात चाकांच्या गाडीवरून कॅमेरा हलवला. नेपथ्याची खोली आणि भव्यता प्रेक्षकाला जाणवावी, हा त्यामागचा हेतू होता. महाराष्ट्रात प्रभात फिल्म कंपनीच्या 'चंद्रसेना' (१९३१) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटाचा उल्लेख भारतीय चित्रपटांतील ट्रॉलीच्या आरंभीच्या वापरासंदर्भात केला जातो. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्या जागेवर पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

कॅमेऱ्याची गती यंत्राने तंतोतंत पुन्हा घडवून आणण्याच्या पद्धतीला मोशन कंट्रोल म्हणतात. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटासाठी जॉन डायक्स्ट्रा यांच्या पथकाने बनवलेली डायक्स्ट्राफ्लेक्स ही यंत्रणा तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. टाइम-लॅप्स आणि यंत्रचलित कॅमेरा यांची सांगड मोठ्या पडद्यावर रॉन फ्रिकी यांनी घातली. 'कोयानिस्कात्सी' (१९८२) या चित्रपटाचे छायालेखन केल्यानंतर त्यांनी 'क्रोनॉस' (१९८५) आणि 'बराका' (१९९२) हे चित्रपट दिग्दर्शित केले. वनस्पतिजीवनाच्या चित्रणात बीबीसीच्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स' (१९९५) या मालिकेने टाइम-लॅप्सचा विस्तृत वापर केला. 'द ग्रीन प्लॅनेट' (२०२२) या मालिकेसाठी वाढत्या रोपांमधून फिरणारी रोबोटिक यंत्रणा वापरण्यात आली.

अशी यंत्रे दीर्घकाळ मोठ्या निर्मितिसंस्थांपुरती मर्यादित होती. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ हे चलचित्रण करू शकणारे डीएसएलआर कॅमेरे आले. हलक्या कॅमेऱ्यासाठी हलका रूळ पुरेसा असल्याने लहान स्लायडरची मागणी वाढली. त्याच सुमारास अर्डुइनोसारखे स्वस्त नियंत्रक फलक आणि त्रिमितीय मुद्रण यंत्रांसाठी तयार होणारे पट्टे, पुली व स्टेपर मोटर बाजारात सहज मिळू लागले. त्यामुळे व्यावसायिक उत्पादनांबरोबरच घरी बनवलेल्या स्लायडरचाही प्रसार झाला.

रचना

रूळ : बहुतेक स्लायडरचा रूळ ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरच्या नळ्यांचा असतो. त्याची लांबी साधारणपणे ६० सेंटिमीटर ते १.२ मीटर असते. लांब रूळ केवळ मध्यभागी एका ट्रायपॉडवर ठेवल्यास बैठक टोकाकडे जाताच तो झुकतो आणि क्षितिज तिरपे दिसते. म्हणून लांब रुळाला दोन्ही टोकांना आधार दिला जातो.

बैठक : कॅमेरा बसवलेला हा भाग चाकांवर किंवा बेअरिंगवर सरकतो. बेअरिंग सैल असल्यास कॅमेरा डगमगतो. अति घट्ट असल्यास मोटर अडखळते.

मोटर : टाइम-लॅप्ससाठी बहुधा स्टेपर मोटर वापरली जाते. ती अखंड फिरण्याऐवजी ठरावीक कोनाच्या पायऱ्यांनी फिरते. नेहमीच्या स्टेपर मोटरची एक पायरी १.८ अंशांची असते, म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या होतात. त्यामुळे नियंत्रकाला पायऱ्या मोजून कॅमेऱ्याचे स्थान ठरवता येते.

गतिवहन : मोटरची गती बैठकीपर्यंत दातेरी पट्ट्याने किंवा आटे पाडलेल्या लांब दांड्याने पोहोचते. पट्टा हलका व वेगवान असतो. दांडा संथ असला तरी चढावर भार सहसा घसरू देत नाही. पट्ट्याच्या दातांमधील अंतर २ मिलिमीटर आणि पुलीला २० दाते असतील, तर एका फेऱ्यात बैठक ४० मिलिमीटर सरकते आणि मोटरच्या एका पूर्ण पायरीला ०.२ मिलिमीटर अंतर येते. ड्रायव्हर परिपथ प्रत्येक पायरीचे १६ सूक्ष्म भाग करत असल्यास हे अंतर ०.०१२५ मिलिमीटर होते.

नियंत्रक : हा मोटरला संकेत देतो आणि कॅमेऱ्याचे शटरही उघडतो. अनेक नियंत्रक मोबाइल फोनवरून चालवता येतात. टोकाला असलेला मर्यादा-स्विच बैठकीला थांबवतो आणि आरंभस्थान निश्चित करतो.

काही स्लायडरवर कॅमेरा आडवा फिरवणारी दुसरी मोटर असते. कॅमेरा सरकत असताना एकाच वस्तूकडे रोखून ठेवण्यासाठी ती उपयोगी पडते. एक मीटर रुळाच्या मध्यापासून एक मीटर अंतरावर वस्तू असल्यास कॅमेऱ्याला एकूण सुमारे ५३ अंश फिरावे लागते. हे फिरणे समान वेगाने होत नाही. टोकांना कोनीय वेग मध्यातील वेगाच्या ८० टक्के असतो. दोन्ही मोटर सरळ समान वेगाने चालवल्यास वस्तू फ्रेममध्ये मागेपुढे सरकत राहते. ही जुळणी नियंत्रकाला आकडेमोडीने करावी लागते.

पॅरलॅक्स

स्लायडरचा दृश्य परिणाम पॅरलॅक्सवर अवलंबून असतो. कॅमेरा बाजूला सरकताना जवळच्या वस्तू फ्रेममध्ये जास्त आणि दूरच्या वस्तू कमी सरकतात, आणि या फरकातून सपाट चित्राला खोली येते. सेन्सरवरील सरक काढण्यासाठी लेन्सचे केंद्रांतर कॅमेऱ्याने कापलेल्या अंतराने गुणून वस्तूच्या अंतराने भागतात. पूर्ण फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, लेन्स २४ मिलिमीटरची आणि रुळावरील प्रवास एक मीटर असल्यास पुढील परिणाम दिसतो :

• १ मीटरवरील वस्तू २४ मिलिमीटर, म्हणजे फ्रेमच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश सरकते.
• १० मीटरवरील वस्तू २.४ मिलिमीटर, म्हणजे पंधराव्या भागाइतकी सरकते.
• १०० मीटरवरील वस्तू ०.२४ मिलिमीटर, म्हणजे दीडशेव्या भागाइतकी सरकते.

यावरून केवळ दूरचा डोंगर किंवा क्षितिज दाखवणाऱ्या दृश्यात एक मीटरचा स्लायडर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हे स्पष्ट होते. दगड, कुंपण, झाडाची फांदी किंवा पिकाचे ताट यांपैकी काहीतरी कॅमेऱ्यासमोर एक-दोन मीटरच्या आत असेल, तरच गती जाणवते. नवशिक्या चित्रणकारांच्या चित्रफितीत कॅमेरा स्थिर असल्याचा भास होतो, त्याचे नेहमीचे कारण अग्रभागाचा अभाव हेच असते.

टाइम-लॅप्स चित्रण

फ्रेम आणि अंतराल

दोन छायाचित्रांमधील काळाला अंतराल म्हणतात. तो विषयाच्या वेगानुसार निवडतात. रस्त्यावरील वर्दळीसाठी १ ते २ सेकंद, ढगांसाठी ३ ते १० सेकंद, तारकांसाठी २० ते ३० सेकंद आणि रोपाच्या वाढीसाठी ५ ते १५ मिनिटे असा अंतराल साधारणपणे ठेवला जातो.

नियोजनाचा हिशेब अंतिम चित्रफितीच्या लांबीपासून उलट केला जातो. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने १२ सेकंदांच्या चित्रफितीला ३०० फ्रेम लागतात. अंतराल १० सेकंदांचा असल्यास चित्रणाला सुमारे ५० मिनिटे लागतात. एक मीटर रूळ २९९ टप्प्यांत विभागल्यास प्रत्येक टप्पा सुमारे ३.३४ मिलिमीटरचा होतो. वाटाण्याच्या रोपाचे दहा दिवसांचे चित्रण १० मिनिटांच्या अंतरालाने केल्यास १,४४० फ्रेम, म्हणजे ५७.६ सेकंदांची चित्रफीत मिळते. त्यासाठी ६० सेंटिमीटरच्या रुळावर प्रत्येक टप्पा ०.४२ मिलिमीटरच्या आसपास येतो.

हालचालीच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत कॅमेरा थांबतो, छायाचित्र घेतो, मग सरकतो आणि पुन्हा थांबतो. दीर्घ एक्स्पोजरसाठी ही पद्धत आवश्यक असते. तिच्यात एक्स्पोजर, सरकण्याचा काळ आणि कंपने विरण्याचा काळ यांची बेरीज अंतरालापेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ, १० सेकंदांच्या अंतरालात ५ सेकंद एक्स्पोजर, २ सेकंद सरकणे आणि १ सेकंद स्थिरावणे असे वाटप केल्यास २ सेकंद हाताशी राहतात.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा न थांबता अतिशय संथपणे सरकत राहतो. वरील उदाहरणात वेग सेकंदाला सुमारे ०.३३ मिलिमीटर येतो. एक्स्पोजर लहान असल्यास यातून येणारी अस्पष्टता दिसत नाही. मात्र २४ मिलिमीटर लेन्स आणि आडव्या ६,००० पिक्सेलचा सेन्सर असताना ५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एक मीटरवरील वस्तू सुमारे ७ पिक्सेल पसरते. अग्रभाग सुस्पष्ट हवा असल्यास अशा वेळी पहिली पद्धत निवडतात.

दोन्ही पद्धतींत आरंभी वेग हळूहळू वाढवून शेवटी तो हळूहळू कमी केला जातो. त्यामुळे दृश्य झटक्याने सुरू होत नाही किंवा अचानक थांबत नाही.

एक्स्पोजर आणि लुकलुक

एक्स्पोजर, संवेदनशीलता, रंगसंतुलन आणि फोकस स्वयंचलित ठेवल्यास लागोपाठच्या छायाचित्रांत बारीक फरक पडतात आणि चित्रफीत लुकलुकते. म्हणून ही सर्व मूल्ये हाताने निश्चित करतात. छिद्र प्रत्येक वेळी किंचित वेगळे मिटल्यानेही लुकलुक होते. छिद्र पूर्ण उघडे ठेवल्यास ती टळते. उरलेला फरक एलआरटाइमलॅप्ससारख्या संगणकप्रणालींत दुरुस्त करता येतो. दिवसा एक्स्पोजर लांबवण्यासाठी लेन्ससमोर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावतात. त्यामुळे वाहने, माणसे आणि पाणी यांच्या हालचालीला सौम्य अस्पष्टता येऊन ती सलग भासते.

सूर्यास्तापासून चंद्रविरहित रात्रीपर्यंत प्रकाश १५ पेक्षा अधिक स्टॉपने कमी होतो. अशा चित्रणात एक्स्पोजर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे लागते. ते अखेरीस किती लांब होणार, याचा विचार करूनच अंतराल सुरुवातीला ठरवतात. मध्येच अंतराल बदलल्यास ढगांचा आणि तारकांचा वेग बदललेला दिसतो.

चलचित्रणातील वापर

नेहमीच्या वेगाच्या चलचित्रणात स्लायडर मुलाखती, लग्नसमारंभ, खाद्यपदार्थ, उत्पादनांची जाहिरात आणि माहितीपट यांसाठी वापरला जातो. मुलाखतीत सेकंदाला २ ते ३ सेंटिमीटर इतका वेग पुरेसा असतो. ध्वनिमुद्रण चालू असताना मोटरचा आवाज अडथळा ठरतो. म्हणून कमी आवाजाचे ड्रायव्हर वापरतात किंवा ध्वनी वेगळा घेतात.

हातात धरायचे गिंबल आणि ड्रोन स्वस्त झाल्यानंतर स्लायडरची अनेक कामे त्यांच्याकडे गेली. तरीही गिंबल धरणारा माणूस एकाच मार्गावरून मिलिमीटरच्या अचूकतेने पुन्हा जाऊ शकत नाही, आणि लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासाच्या आत संपते. तासन्‌तास चालणारे आणि तंतोतंत पुनरावृत्ती मागणारे काम आजही स्लायडरकडेच राहिले आहे.

क्षेत्रीय चित्रण : तीर्थपुरी परिसर

उघड्यावरील चित्रणाचे नियम माती, हवामान आणि प्रकाश यांनुसार बदलतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे नगरपंचायत असलेले गाव गोदावरी खोऱ्यातील अशा परिस्थितीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा जिल्ह्याच्या याच भागातून जातो.

माती : परिसरातील काळी कसदार माती ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. ओल्या रानात ट्रायपॉडचे पाय काही तासांत असमान खचतात. एका फ्रेममध्ये न दिसणारा हा बदल वेगवान चित्रफितीत क्षितिजाच्या कलण्यातून उघड होतो. पायांखाली लाकडी फळ्या किंवा फरशीचे तुकडे ठेवून, पाणसळीने रूळ समपातळीत आणून, रुळाच्या मध्याखाली वजन टांगणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

धूळ आणि ऊन : उन्हाळ्यातील धूळ बेअरिंगमध्ये शिरते. उघड्या रुळाला तेल लावल्यास धूळ अधिक चिकटते, त्यामुळे रूळ कोरड्या फडक्याने पुसून ठेवतात. मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा सावल्या नाहीशा झाल्याने दृश्य सपाट दिसते आणि कॅमेराही तापतो. सकाळचे पहिले व सायंकाळचे शेवटचे दोन तास अशा दिवसांत अधिक उपयुक्त असतात.

संधिप्रकाश : सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर सूर्य तीव्र कोनात मावळतो. सूर्यास्तानंतर साधारण २२ ते २५ मिनिटांत नागरी संधिप्रकाश संपतो आणि सुमारे सव्वा तासात पूर्ण अंधार होतो. लंडनमध्ये जून महिन्यात संधिप्रकाश रात्रभर पूर्णपणे मावळत नाही. त्यामुळे युरोपीय मार्गदर्शिकांतील एक्स्पोजर वाढवण्याचे वेळापत्रक येथे तसेच्या तसे लागू पडत नाही. बदल अधिक जलद करावे लागतात.

रात्रीचे आकाश : २४ मिलिमीटर लेन्सने तारे ठिपक्यांसारखे दिसावेत यासाठी एक्स्पोजर साधारण २० सेकंदांपर्यंत ठेवतात. ५०० या संख्येला केंद्रांतराने भागण्याच्या प्रचलित ठोकताळ्यावरून ही मर्यादा मिळते. २५ सेकंदांच्या अंतरालाने ३०० फ्रेम घेण्यास २ तास ५ मिनिटे लागतात. त्या काळात आकाश सुमारे ३१ अंश फिरते. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून केवळ १९ ते २० अंशांवर असतो. त्यामुळे त्याच्याभोवती फिरणारे तारे दाखवताना झाड किंवा मंदिराचे शिखर अग्रभागी सहज घेता येते. पावसाळ्यातील ढगांमुळे आकाशगंगेच्या चित्रणासाठी फेब्रुवारी ते मे हा काळ सोयीचा ठरतो. हिवाळ्यात पाण्याजवळ लेन्सवर दव साचते. ते टाळण्यासाठी लेन्सभोवती ऊब देणारा पट्टा गुंडाळतात.

वीज : मोटर आणि ड्रायव्हर मिळून सरासरी ६ वॅट शक्ती घेत असतील, तर चार तासांना २४ वॅट-तास ऊर्जा लागते. १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास असतात. रूपांतरातील घट वजा जाता ती एका रात्रीस जेमतेम पुरते. कॅमेऱ्याची बॅटरी स्वतंत्र धरावी लागते. कित्येक दिवस चालणारे रोपाचे चित्रण घरातील विजेवर करायचे असल्यास मध्ये बॅटरीचा आधार ठेवणे आवश्यक असते. वीज जाताच नियंत्रक बैठकीचे स्थान विसरतो आणि पुढील फ्रेम उडी मारल्यासारखी दिसते.

विषय : कापसाचे फूल उमलताना पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते; दोन दिवसांचे हे स्थित्यंतर टाइम-लॅप्ससाठी आदर्श आहे. पुढे बोंड फुटून कापूस बाहेर येण्याची क्रियाही याच पद्धतीने टिपता येते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले असून तिच्या बहराचे चित्रण स्लायडरवर जवळून करता येते. मात्र वाऱ्याने हलणारी फांदी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी दिसते. म्हणून फांदीला काठीचा आधार देतात, किंवा वनस्पती आत आणून स्थिर कृत्रिम प्रकाशात ठेवतात.

नोंद आणि प्रेक्षणीयता

कॅमेरा हलवल्याने दृश्य आकर्षक होते, परंतु मोजमाप कठीण होते. स्थिर कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममध्ये रोपाची उंची किंवा नदीची पातळी थेट ताडता येते. सरकत्या कॅमेऱ्यात वस्तूचे बदललेले स्थान तिच्या स्वतःच्या वाढीमुळे आहे की कॅमेऱ्याच्या हालचालीमुळे, हे वेगळे काढावे लागते. म्हणून पिकांच्या शास्त्रीय नोंदी, पूरपातळी आणि बांधकामाची प्रगती यांसाठी कॅमेरा स्थिर ठेवणेच योग्य मानले जाते. फाळके यांच्या वाटाण्याच्या चित्रणाची खात्री पटवण्याची ताकदही याच साधेपणात होती : कुंडी तीच, कॅमेरा तिथेच आणि बदलत होते ते फक्त रोप.

दोन्ही उद्दिष्टे साधण्याचा एक मार्ग म्हणजे पुनरावृत्ती. मोटरचलित स्लायडर तोच प्रवास त्याच वेगाने पुन्हा करू शकतो. मे महिन्यातील कोरडे रान आणि ऑगस्टमधील हिरवे पीक एकाच मार्गावरून चित्रित करून एकमेकांत विरघळवल्यास ऋतुबदल ठळक दिसतो, आणि समान स्थानावरील फ्रेमची तुलनाही करता येते. त्यासाठी रुळाच्या दोन्ही टोकांखाली जमिनीत खुंट्या रोवतात, ओळंब्याने रुळाची टोके त्यांवर आणतात आणि रुळाची उंची, लेन्स, कॅमेऱ्याचा कोन व आरंभस्थान लिहून ठेवतात. अशी नोंद नसल्यास दुसऱ्या वेळचा प्रवास पहिल्याशी जुळत नाही, आणि पहिला ऋतू तोपर्यंत निघून गेलेला असतो.

मर्यादा आणि दक्षता

• तिरप्या किंवा उभ्या रुळावर मोटरला पूर्ण भार पेलावा लागतो. २ किलोग्रॅमच्या कॅमेऱ्यासाठी उभ्या रुळावर सुमारे २० न्यूटन बल लागते. पट्ट्यावर चालणाऱ्या स्लायडरची वीज गेल्यास बैठक खाली कोसळू शकते, म्हणून प्रतिभार किंवा स्वतःहून न घसरणारे दंतचक्र वापरतात.
• कॅमेऱ्याला जोडलेल्या तारा बैठकीबरोबर मोकळेपणाने सरकल्या पाहिजेत. अडकलेली तार मोटरच्या पायऱ्या चुकवते; नियंत्रकाला हे कळत नाही.
• लेन्स किंवा कॅमेऱ्यातील प्रतिमा-स्थिरीकरण बंद ठेवतात, अन्यथा फ्रेम सूक्ष्मपणे इकडेतिकडे सरकते.
• चित्रण सुरू करण्यापूर्वी बैठक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगाने चालवून पाहतात. फ्रेममध्ये रुळाचे टोक, ट्रायपॉडचा पाय किंवा स्वतःची सावली येते का, हे तेव्हाच समजते.
• भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड व चित्रीकरणाची साधने वापरण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. शेतात किंवा खासगी जागेत मालकाची संमती घेणे आणि उभ्या पिकाला धक्का न लावणे अपेक्षित असते.

हे सुद्धा पहा

• टाइम-लॅप्स छायाचित्रण
• दादासाहेब फाळके
• प्रभात फिल्म कंपनी
• स्टेपर मोटर
• पॅरलॅक्स
• तीर्थपुरी
• घनसावंगी तालुका